वजडीवरचा पडदा

मला राग आहे तो त्यांच्या गोड बोलण्याचा. कुणी सरळ शिवी दिली असती तर मीही चार परत दिल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण माझ्या आईच्या हातच्या जेवणावर पडदा टाकताना त्या माणसांनी दर वाक्याला मला ‘ताई’ म्हटलं. माझं चुकलं असं कुणी म्हणालं नाही. फक्त जरा झाकून घ्या, म्हणाले.

मी राहुरीला राहते. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दाण्याचा रंग, आकार, सालीवरची सुरकुती, भुंग्याचं भोक, हे सगळं नीट शब्दांत लिहिणं हे माझं रोजचं काम. आई बेलापूरची. काचबिंदूनं तिची नजर गेली तेव्हा मी तिला माझ्याकडे घेऊन आले. येताना तिनं अट घातली की स्वयंपाक ती करणार. चिरणं माझं, फोडणी तिची. तिला आंधळी म्हटलेलं चालतं, बिचारी म्हटलेलं चालत नाही. शेजारच्या बाईनं एकदा म्हणून पाहिलं, पुन्हा म्हणाली नाही.

लिहायची हौस म्हणून मी आधी सगळ्यांसारखीच मोठमोठ्या ॲपवर होते. तिथं आपलं लिहिलेलं कुणाला दाखवायचं हे कंपनीचं मशीन ठरवतं. माझं लिहिलेलं ते माझ्या नणंदेला आणि एका गाद्या विकणाऱ्याला दाखवायचं. नणंद लाईक करायची नाही, गादीवाला मात्र न चुकता करायचा. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं माझी कटकट ऐकून मला दुसऱ्या जागेबद्दल सांगितलं. म्हणाला, तिथं कुणी एक मालकच नाही. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापले सर्व्हर उभे केलेत आणि ते एकमेकांशी जोडलेले आहेत. आपला फोन एका कंपनीचा आणि समोरच्याचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी बोलणं होतंच, तसं. जाहिरात नाही, मशीन नाही, जे आधी लिहिलं ते आधी दिसतं. त्यानं मला मराठी माणसांच्या एका सर्व्हरवर खातं काढून दिलं. पुण्यातली चार-पाच सुशिक्षित मंडळी तो सर्व्हर हौसेनं चालवत होती. मालक नाही, हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं!

सुरुवातीला तिथं शुकशुकाट होता. तुम्हाला पुढं ढकलणारं मशीन नसलं की तुम्ही कितीही चांगलं लिहा, ते भिंतीला सांगितल्यासारखं होतं. हळूहळू तिथल्या रीती कळल्या. आधी आपली ओळख लिहायची. विषयाला हॅशटॅग लावायचे, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. नुसतं आपलंच दळण दळत बसायचं नाही, दुसऱ्याच्या लिखाणाखाली जाऊन दोन शब्द बोलायचे. कुणाला आवडलं तर तो ते बूस्ट करतो, म्हणजे आपल्या लोकांपुढं ठेवतो. आणि त्यातून एखादा वळून तुमच्याकडे बघतो. सगळा व्यवहार माणसांच्या मर्जीवर. आणखी एक कडक रीत होती. फोटो टाकला की त्याच्यासोबत त्याचं वर्णन शब्दांत लिहायचं, कारण ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. वर्णन नसेल तर चांगली माणसं तो फोटो बूस्टच करत नाहीत.

ही रीत मला इतकी आवडली की काय सांगू. मी घरी दिवसभर तेच तर करत होते. दारात कोण आलंय, त्यानं काय घातलंय, भाजीवालीच्या पाटीत काय आहे, हे सगळं मी आईला बोलून दाखवत असायची. बाकीचे लोक ‘जेवणाचं ताट’ इतकं लिहून मोकळे व्हायचे. मी आईच्या भाकरीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: ‘काठवटीत बाजरीची भाकरी, करड्या रंगाची. थापणाऱ्या हाताची चार बोटं भाकरीच्या कडेवर, अंगठा वर उचललेला. कड सगळीकडे सारखी, फक्त एका जागी चीर गेली आहे आणि त्या चिरेवर ओलं बोट फिरतंय. हात सावळा, नखात पीठ.’

ते पसरलं. एकानं बूस्ट केलं, मग दुसऱ्यानं, मग कुठल्या कुठल्या सर्व्हरवरची माणसं दार ठोठावायला लागली. जन्मापासून अंध असलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं की आयुष्यभर भाकरी खाल्ली, पण थापताना अंगठा वर असतो हे आज कळलं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की खाली ठेवला तर भोक पडंल, त्यात काय एवढं. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

त्यानंतर घराचा दिनक्रमच बदलला. मी कामावरून आले की चहाआधी आई विचारायची, आज कोन काय बोललं? मी एकेक प्रतिक्रिया वाचायची. हजाराच्या वर लोक झाले होते. आई त्यांना ‘आपली मानसं’ म्हणायची. कुणी चुकीचा मसाला सुचवला तर ती रागवायची आणि मला उत्तर लिहायला लावायची. मी तिच्याही फोनवर खातं काढून दिलं. तिचा फोन बोलणारा होता. स्क्रीनवर बोट फिरवलं की एक बाई मराठीत वाचून दाखवायची. आईनं त्या बाईशी ऐकण्यापुरतं जमवून घेतलं होतं, बटणं दाबायचं काम माझ्याकडं होतं. मी कामावर असताना ती माझ्या सगळ्या पोस्ट पुन्हा ऐकायची, आपल्याच हातांचं वर्णन ऐकायची. जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात आणि दुसऱ्याच्या घरात काम केलं, तिला आता लोक विचारत होते की तुम्ही आमटीचा येसूर मसाला कसा करता. मला त्या फॉलोअरच्या आकड्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? पण तो आईसाठी जास्त होता.

एका रविवारी तिला वजडी करायची इच्छा झाली. मी बाजारातून बोकडाची वजडी, म्हणजे पोटाची पिशवी आणि आतडी, आणली. वजडी करणं म्हणजे खरं तर वजडी धुणं. चुन्याच्या गरम पाण्यात बुडवून वरचं काळं साल खरवडून काढायचं, आतडी काडीवर उलटी करायची, मीठ आणि हळद लावून पाणी निवळ होईपर्यंत धूत राहायचं. आई हे हातानंच ओळखते. बोटाला चिकट लागलं की अजून एकदा. मी फोटो काढला आणि लिहिलं: ‘पितळी परातीत धुतलेली वजडी, पांढरीशुभ्र. जाड तुकड्यांवर टर्किश टॉवेलसारखी खरखर. आतड्यांचा गुंडाळा बाजूला. आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओले, बांगड्या कोपराकडे सारलेल्या. पाणी इतकं निवळ की परातीच्या तळावरचे ठोके दिसतात.’ मला वाटतं आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यांत चांगलं वर्णन होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आई फोन मांडीवर घेऊन बसली होती. ती बोट टेकवत होती आणि फोनमधली बाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती: ‘संवेदनशील मजकूर. पाहण्यासाठी दाबा.’ आईनं विचारलं, “ही बाई काय म्हनती गं? माझे हात कुटं गेले?”

मी फोन हातात घेतला. फोटोवर करडा पडदा टाकलेला होता. मी तो टाकला नव्हता. माझं खातं उघडलं तर व्यवस्थापकांची सूचना येऊन पडली होती. काही सदस्यांच्या तक्रारीवरून फोटो संवेदनशील ठरवला आहे आणि तूर्त माझं खातं मर्यादित केलं आहे. मर्यादित म्हणजे मी लिहू शकत होते, पण आधीपासून जोडलेल्यांखेरीज कुणाला ते दिसणार नव्हतं. सर्वांच्या सामाईक पानावर मी नव्हते. नवा माणूस आला तर त्याला मी सापडणार नव्हते. मालक नसलेल्या जागेत कुणाला दिसायचं नाही हे ठरवणारे मालक असतात, एवढं त्या दिवशी कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आई समोर बसून विचारत होती की संवेदनशील म्हणजे काय. मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, काही लोकांना बघवत नाही म्हणून झाकलंय.

ती म्हणाली, “आन मला ऐकू बी न्हाई द्यायचं?”

व्यवस्थापकांपैकी एकाचा नंबर सहकाऱ्याकडं होता. मी फोन लावला. माणूस फार सभ्य. ताई, तुमचं लेखन आम्हाला किती आवडतं, ताई, तुमच्यामुळे सर्व्हरला किती नवे लोक मिळाले, असं बराच वेळ चाललं. मग म्हणाला की नियम सगळ्यांना सारखा आहे. जाळ्यातल्या कोळ्याचे फोटो, इंजेक्शनच्या सुईचे फोटो, अपघाताचे फोटो, सगळ्यांवर आम्ही पडदा टाकायला सांगतो, लोकांना त्रास होऊ नये म्हणून. कोळी, सुई, अपघात आणि माझ्या आईची परात! एका ओळीत बसवली होती त्यानं.

मी विचारलं की त्यानं स्वतः मागच्या महिन्यात गावच्या यात्रेतलं मटणाचं ताट टाकलं होतं, लाल तर्री, वर हाड, त्यावर पडदा कुठं होता? तो म्हणाला, ते जेवण होतं. मी म्हटलं, हेही जेवणच आहे. तो म्हणाला, तसं नाही, यात धुणंबिणं दाखवलंय ना. मी म्हटलं, कोकणातल्या एक बाई रोज मासळी साफ करताना दाखवतात, पोटातलं काढून, आणि तुम्ही सगळे तिथं ‘वा’ लिहिता. त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही.

“ताई, मासळी वेगळी, मटण वेगळं. हे जरा वेगळ्या प्रकारचं आहे. तुम्ही समजून घ्या.”

मी समजले. न समजायला मी काही परदेशातून आले नव्हते. आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीत दीक्षा घेतलेली, आणि त्याच्या आधी गाव आम्हाला काय म्हणत होतं हे मला ठाऊक आहे. ‘वेगळ्या प्रकारचं’ हे शब्द मी शाळेच्या डब्यापासून ऐकत आलेय. आता वजडी काय आम्ही एकटेच खातो? जिल्ह्यात कुठल्याही रविवारी खाटकाच्या दुकानापुढं उभं राहून बघा, कोण कोण पिशवी पुढं करतं ते. घरी नेऊन मिटक्या मारत खातात. फक्त ती आमच्या परातीत, आमच्या हातांसकट दिसली की यांना ढवळून येतं. आणि त्यानं जातीचा शब्द तोंडातून काढला नाही. मी काढला तेव्हा मात्र तो दुखावला. ताई, तुम्ही हे कुठल्या कुठं नेताय, म्हणाला.

सर्व्हरवर मी हे सगळं लिहिलं. जोडलेले लोक वाचू शकत होतेच. काहींनी चांगली साथ दिली, ते इथं सांगितलं पाहिजे. पण बाकीचे! जे रोज ‘आईंना नमस्कार सांगा’ लिहायचे ते मूग गिळून गप्प. एकीनं लिहिलं की पडदाच तर आहे, एकदा दाबलं की उघडतो. एकानं लिहिलं की तुमच्या इतक्या सुंदर प्रवासात ही कटुता नको होती. प्रवास म्हणे! सगळ्यांत जास्त राग मला त्या अंध गृहस्थांसाठी आला. त्यांनी व्यवस्थापकांना सरळ विचारलं होतं की पडद्यानं तुमच्या डोळ्यांची सोय झाली, पण आम्हाला डोळेच नाहीत, मग आमच्यापासून तुम्ही काय लपवताय? त्यांना उत्तर मिळालं की सूचनेची नोंद घेतली आहे.

मग तोड निघाली. व्यवस्थापकांनी कळवलं की यापुढं ‘अशा प्रकारच्या’ पदार्थांवर मी स्वतःच पडदा टाकणार असेन तर खात्यावरची मर्यादा लगेच उठेल. नाहीतर माझी इच्छा. दुसऱ्या सर्व्हरवर जायचं तर जाता येतं, जोडलेले लोक सोबत नेता येतात, मात्र लिहिलेलं सगळं इथंच राहतं. दीडेक वर्षाचं लिखाण. मी खरंच डळमळले. एक पडदा टाकला तर रोज संध्याकाळी आईला तिची माणसं परत मिळणार होती, नवी माणसं येणार होती. नाही टाकला तर पुन्हा शुकशुकाट. मी आईला सगळं नीट सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोपवला, कारण हात तिचे होते.

आई श्रीरामपूरला भाड्याच्या खोलीत राहत होती तेव्हाची गोष्ट तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. मी तेव्हा तान्ही होते. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा. आमचं आडनाव विचारून, जरा नाक मुरडूनच त्यानं खोली दिली होती. घरात वजडी शिजायची त्या दिवशी आई खिडकी लावून घ्यायची, दाराखाली गोणपाट सारायची आणि चुलीशेजारी उदबत्त्या पेटवायची. धुरानं मी खोकायची, पण खिडकी उघडायची तिची हिंमत होत नसे. कुणी लाव म्हणालं नव्हतं. तिचं तीच लावायची.

“त्या खोलीची खिडकी मी लावली. भाड्याची हुती, लावली,” ती म्हणाली. “आता ह्यांच्या फोनची बी खिडकी मीच लावायची व्हय? न्हाई लावनार. सोड तिथलं समदं.”

मी सोडलं. दक्षिणेतल्या काही मुलींनी चालवलेला एक सर्व्हर होता. तिथं आधी विचारून घेतलं की वजडी चालेल का. त्यांनी उलट विचारलं की तुमच्याकडं त्यात नारळ ओला घालतात की सुका. त्याच दिवशी खातं हलवलं. जोडलेल्यांपैकी बरेच आपोआप सोबत आले. काही जण नव्या जागी आल्यावर गुपचूप निघून गेले, म्हणजे त्यांनी मुद्दाम येऊन, बटण दाबून मला सोडलं. एवढी मेहनत! माणसं कमी झाली. आईला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली की ऱ्हायली ती आपली.

पहिल्या दिवशी तोच फोटो पुन्हा टाकला, तेच वर्णन, उघडं. आईनं आपल्या फोनवर बोट ठेवलं आणि ती बाई एका दमात शेवटपर्यंत वाचत गेली, परातीच्या तळावरच्या ठोक्यांपर्यंत. आईनं ते परत परत ऐकलं.

इथं हे संपलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. पण काही आठवड्यांनी सहकाऱ्यानं मला जुन्या सर्व्हरचं एक पान दाखवलं. नवीन येणाऱ्यांसाठी मदतीचं पान. ‘आपलं लेखन लोकांपर्यंत कसं पोचवाल’ असा मथळा. त्यात हॅशटॅग, ओळख, बूस्ट, सगळं समजावलेलं. आणि फोटोचं वर्णन कसं लिहावं याचा उत्तम नमुना म्हणून माझी पोस्ट लावलेली. शेवग्याच्या शेंगांच्या आमटीची. शेंगेचा हिरवा रंग फोडणीत कसा उतरतो, आईच्या बोटांत सालीचा दोरा कसा अडकतो, ते सगळं. शाकाहारी, निर्मळ, उघडं. वर लिहिलं होतं, ‘आपल्या एका ताईंचं लेखन’.

आपल्या! जी बाई त्यांनी सामाईक पानावरून दिसेनाशी केली, तिचेच शब्द ते नव्या लोकांना लोकप्रियता कशी मिळवायची हे शिकवायला वापरत होते. शेंगा सोलणारे हात आणि वजडी धुणारे हात एकाच बाईचे होते. अर्धे हात त्यांना हवे होते. मी जुन्या खात्यात शिरले आणि ती पोस्ट पुसली. मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची. भाकरीची, येसूरची, सगळी. पुसताना वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

थोड्याच दिवसांत त्या सभ्य माणसाचा निरोप आला. ताई, मदतीच्या पानावरचं तुमचं वर्णन दिसत नाहीये, काही तांत्रिक अडचण आहे का? नवीन लोकांना त्याचा फार उपयोग व्हायचा. परत पाठवाल का?

मी परत पाठवलं. वजडीचा फोटो, पूर्ण वर्णनासकट. खाली लिहिलं की नमुना म्हणून हे लावा, उघडं लावा, माझी पूर्ण परवानगी आहे.

त्यावर उत्तर आलं नाही. काल ते पान पुन्हा बघितलं. नमुन्याच्या चौकटीत आता कुणाचा तरी फोटो आहे आणि खाली वर्णन: ‘टेबलावर चहाचा कप.’ वजडी लावण्यापेक्षा त्यांना हे परवडलं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती पुढचं ऐकायला थांबली, आणि पुढं काही नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, “कोरा का दुधाचा?”

लिहिलेलं नाही, मी म्हटलं.